मागच्या दाराची जाळी

आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय गाडीत झाले. आठवडाभर दुकान उघडं असायचं. बाबा गल्ल्यावर, काका गिऱ्हाइकांच्या घरी पडद्यांची मापं घेत फिरत, आई दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये कुठेतरी, आणि आत्या रस्त्याकडच्या खोलीत शिलाई मशीनवर. रविवारी दुकान बंद. त्या दिवशी सगळे मिळून शहराबाहेरच्या कापडाच्या ठोक बाजारात जायचे. जाताना तासभर सगळी माणसं एकाच टपाखाली सापडायची, म्हणून दुसऱ्या शहरात राहणारे मोठे काका नेमका तेव्हाच फोन करायचे. बाबा गाडी चालवता चालवता एक बटण दाबत आणि मोठ्या काकांचा आवाज गाडीच्या दारांतून येई. घर चौघा भावंडांच्या नावावर होतं. मोठ्या काकांशी बोलल्याशिवाय भिंतीला रंगसुद्धा लागत नसे. वरच्या मजल्याचा जिना, पाण्याची टाकी, माझं पुढचं शिक्षण, सगळं त्या रस्त्यावर ठरलं.

आत्याच्या खोलीचंही तिथेच ठरलं. ते ठरलं तेव्हा आत्या गाडीत होती. हेच तर सगळे तिला पुन्हा पुन्हा सांगत होते.

आत्या मोठ्या काकांहून धाकटी आणि बाबांहून मोठी. बाबा आणि काका तिला ताई म्हणतात. तिनं लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "माप बसलं नाही," आणि कात्री उचलायची. दुकानात विकला जाणारा प्रत्येक पडदा, प्रत्येक अभ्रा तिच्या हातून गेलेला असे. तिची खोली घरातली सगळ्यात उजेडाची. खिडकीला लागून कापड बेतायचं लांबलचक टेबल होतं, तिच्या वडिलांनी तिच्यासाठी सुताराकडून करून घेतलेलं. ती जिथे रेलून उभी राहायची तिथे त्या टेबलाची कड झिजून आत गेली होती, नदीकाठचा दगड झिजावा तशी. काम करताना टाचण्या ओठांत धरायची तिची सवय. त्यामुळे तिच्याशी बोलायला जाणाऱ्याला निम्मी उत्तरं हुंकारात मिळत. घरात सगळ्यांनी याचा अर्थ आपापल्या सोयीनं लावून टाकला होता. ताई काही बोलत नाही, म्हणजे ताईला चालतं.

मी सुट्टीसाठी घरी आले त्याच आठवड्यात एका सकाळी काका दोन हमाल घेऊन तिच्या खोलीत शिरले.

"हे टेबल मागच्या कोठीत न्यायचं," ते हमालांना म्हणाले. "पाय सुटे होतात. जरा सांभाळून."

आत्याच्या ओठांत टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक करून टाचण्यांच्या उशीत टोचल्या. मग म्हणाली, "कुणाचं टेबल?"

"तुझं, ताई. आणखी कुणाचं असणार?"

"आणि कोठीत कशाला?"

काका हमालांकडे बघून हसले. "अगं, ही खोली कुरिअरवाल्याला भाड्यानं द्यायची ठरली ना. त्यांना पार्सलं ठेवायला रस्त्याकडचीच जागा लागते."

"कधी ठरलं?"

"गाडीत. दोन-तीन रविवार तेच तर चाललं होतं. दादाशी बोलणं झालं, तुझ्यासमोर झालं. तू हूं की चूं केलं नाहीस."

"माझ्यासमोर काही झालं नाही."

तोवर बाबा दारात आले होते. त्यांनीही तेच सांगितलं, पण हळू आवाजात, समजूत घातल्यासारखं. "ताई, तू आमच्या मागेच बसली होतीस. आता तू असं म्हटलंस तर आम्ही काय करायचं?"

मग काका पुढे आले, तिच्या कानाशी वाकले आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं म्हणाले, "ताई, तुला, ऐकू, कमी, येतंय का गं?"

हमाल टेबलाची दोन टोकं धरून उभे होते. त्यातल्या एकानं मान खाली घातली. आत्या बाजूला झाली आणि टेबल गेलं.

कोठीला खिडकी नाही. वर एक ट्यूबलाइट आहे, तिच्या उजेडात काळा धागा आणि गडद निळा धागा सारखेच दिसतात. पहिल्याच दिवशी आत्यानं निळ्या पडद्याची दुमड काळ्या धाग्यानं शिवली आणि दुसऱ्या दिवशी अंगणात बसून उसवायला घेतली. बाबा तिथून जाता जाता म्हणाले, "ताई, चष्म्याचा नंबर पण एकदा बघून घेऊ या." म्हणजे आता कानांपाठोपाठ डोळेही गेले. अजून काही दिवस ती कोठीत राहिली असती तर यांनी तिचे हातही काढून घेतले असते.

त्या दिवसापासून घरात सगळे आत्याशी ओरडून बोलायला लागले. पाणी हवंय का विचारायचं तरी शेजाऱ्यांना कळावं इतक्या मोठ्यानं. आणि तिच्याविषयी मात्र तिच्यादेखत, नेहमीच्या आवाजात. जेवताना एकदा बाबा कुरिअरवाल्याचा विषय काढायला कचरत होते, तर काका म्हणाले, "ताईसमोर खुशाल बोल. बाहेर फुटायची भीती नाही. आतच काही जात नाही." आई हसली, मग तिला वाईट वाटलं आणि तिनं आत्याला आणखी एक पोळी वाढली. आत्यानं सगळं ऐकलं होतं. तिनं ती पोळी तशीच ताटात ठेवली.

ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती भांडली नाही. तिला स्वतःचीच शंका यायला लागली होती, आणि मला सगळ्यात जास्त चीड आली ती याची. खोली काढून घेतली ते दिसत तरी होतं. हे दिसतही नव्हतं. शिवता शिवता ती मध्येच मशीन थांबवायची आणि कान देऊन बसायची. रस्त्यावरून जाणारी सायकल, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, कुकरच्या शिट्टीआधीची फुसफुस. एकदा मी दारात उभी होते तर मला म्हणाली, "तू आत्ता चप्पल काढलीस. आधी डावी. एक पडली आणि दुसरी ठेवलीस."

"बरोबर."

"मग हे सगळं येतं, आणि दादाचाच आवाज तेवढा कसा येत नाही गं? गाडीत मला नुसती गुरगुर ऐकू येते. पुढे हे दोघं हो-हो करत असतात. मला वाटायचं, धंद्याचं काही चाललं असेल." तिनं मशीनचं चाक हातानं जरा फिरवलं. "पूर्वी घरच्या फोनवर दादा आधी मला बोलवायचा. ही गाडी आली आणि त्यानं माझं नाव घेणं सोडलं."

"मग तू कर ना त्यांना फोन."

"मी का करू? त्याला बोलायचं नसेल तर मी काय मागून घेऊ?"

आमच्या घरात आजारपणाखेरीज कुणी कुणाला वेगळा फोन करत नाही. सगळं रविवारवर ढकलतात.

त्या सुमारास गाडीच्या पुढच्या दारांतले स्पीकर फाटले. मोठे काका बोलायला लागले की प्रत्येक शब्दाच्या कडेला पत्रा खरवडल्यासारखा आवाज यायचा. काका म्हणाले, "दादाचा घसा बसल्यासारखा वाटतोय, की आपलीच गाडी खोकतेय?" बाबांनी ठरवलं की कंपनीचे स्पीकर काढून चारही दारांना चांगले बसवायचे. "मागचे जरा जोरकस घेऊ," ते म्हणाले. "ताईची सोय होईल." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की आत्यानं आभार मानायला हवे होते.

आत्या म्हणाली, "मी पण येणार दुकानात."

"तू कशाला? उन्हात बसावं लागेल."

"दारांवरचं कापड माझं आहे."

ते खरं होतं. गाडी घेतली तेव्हा तिनं सीटांना कव्हरं शिवली होती, आणि दाराच्या आतल्या पॅडवर जिथे कोपर टेकतं तिथे त्याच कापडाची पट्टी ताणून बसवली होती. पॅड काढताना ही माणसं कसंही ओरबाडतात, असं तिचं म्हणणं. म्हणून ती, बाबा आणि मी असे तिघं गेलो.

गाड्यांच्या सामानाची ती गल्ली होती. एका शटरच्या आत भिंतभर स्पीकर मांडलेले, लहान-मोठे, काळे, बिनापापण्यांच्या डोळ्यांसारखे. फिटर पोट सुटलेला, उत्साही माणूस. दिवसभर स्पीकर वाजवून बघायचं त्याचं काम, त्यामुळे खरं कमी ऐकू येत होतं ते त्यालाच. बाबांनी दोनदा सांगितल्यावर त्यानं तिसऱ्यांदा "काय?" म्हणून विचारलं. त्याला कुणी बहिरं म्हणत नव्हतं. त्याचं दुकान होतं ना.

आत्या दुकानातलं स्टूल घेऊन गाडीच्या दाराजवळच बसली. "कापडाला हत्यार लावायचं नाही," तिनं फिटरला बजावलं.

"मावशी, प्लॅस्टिकची पट्टी घालून काढतो. ओरखडासुद्धा पडणार नाही."

पुढच्या दोन्ही दारांतले स्पीकर निघाले. त्यांचे कागदी पडदे ओलीनं कुजून फाटले होते. नवे बसले. मग फिटर मागच्या डाव्या दाराकडे आला. तिथे आत्या बसते. त्यानं खालून पट्टी सरकवली, क्लिपा एकामागून एक टकटक सुटल्या, पॅड हातात आलं. तो आत वाकला, आणि तसाच वाकून राहिला.

"साहेब, मागचे स्पीकर आधीच काढून घेतलेत का?"

"नाही. कोण काढणार?" बाबा म्हणाले.

"मग इथे काहीच नाही."

आम्ही तिघंही बघायला गेलो. दाराच्या पत्र्याला एक गोल भोक होतं. त्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला. एक वायर तिथपर्यंत आली होती आणि तिचं टोक स्पंजच्या तुकड्यात गुंडाळून पत्र्याला चिकटवून ठेवलं होतं. बस. फिटरनं दुसरं दार उघडलं. तिथेही तेच.

"कंपनीनं दिलेलेच नाहीत," तो म्हणाला. "खालचं मॉडेल असणार तुमचं. जाळ्या चारही दारांना देतात, एकाच साच्यातून निघतात ना. स्पीकर पुढे दोन. आम्ही पुष्कळ बघतो अशा गाड्या."

"अहो, शोरूमवाल्यानं मला सांगितलं होतं, चारही दारांत आहेत म्हणून."

"त्यानं सांगितलं होतं, की तुम्ही जाळ्या मोजल्या होत्या?"



आत्या स्टुलावरून उठली. तिनं प्लॅस्टिकचा कागद बाजूला केला आणि त्या भोकातून हात आत घातला, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. बाहेरच्या पत्र्याला आतून बोटं लागल्याचा आवाज आला. फिटर म्हणाला, "मावशी, कडा धारदार आहेत हं." तिनं हात काढला, पदराला पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मागचे दोन रविवार मी पिशवी उचलायचं निमित्त करून खाली वाकत होते. या जाळीला कान लावून बघायला."

बाबांनी ते ऐकलं. ते गाडीच्या पलीकडे गेले आणि मोठ्या आवाजात शोरूमला फोन लावायला लागले. तोवर फिटरनं मागच्या दोन्ही दारांत नवे स्पीकर बसवले.

घरी येईपर्यंत ते फसवणुकीवर बोलत होते. घरी काकाही त्यात सामील झाले. ही लूट आहे, तक्रार करायला हवी, गिऱ्हाईक म्हणजे काय वाटलं यांना. किती बरं वाटलं त्यांना, ते मला दिसत होतं. दोषी माणूस सापडला होता, आणि तो घराबाहेरचा होता. काका आत्याजवळ जाऊन साध्या आवाजात म्हणाले, "बघ ताई, आमची काही चूक नव्हती. आता तुझा राग गेला ना?"

"आणि टेबल?" आत्या म्हणाली.

"कुठलं टेबल?"

"माझे कान परत आले. टेबल कधी येणार?"

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "ताई, त्या माणसाला शब्द दिलाय गं. ठरलेलं आता कसं मोडायचं?"

म्हणजे आत्या बहिरी नव्हती हे सगळ्यांना पटलं होतं, पण ती बहिरी असताना जे ठरलं होतं ते तसंच राहणार होतं.

संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात आली. आई कणीक मळत होती.

"तू तर गाडीत माझ्या शेजारी बसतेस," आत्या म्हणाली. "तुला यायचं ऐकू?"

आईचा हात थांबला. "नाही, ताई."

"मग खोलीचं तुला कसं माहीत होतं?"

"हे सांगतात ना, घरी आल्यावर. दादा काय म्हणाले, काय ठरलं ते."

"आणि तुला ऐकू येत नाही हे तू कधी बोलली नाहीस."

"मला वाटलं, तुम्हाला येत असेल. माझंच लक्ष नसेल." मग आई अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आणि हे सगळे तुम्हाला बहिरं म्हणायला लागले, तेव्हा वाटलं, आता मी बोलले तर मलाही म्हणतील."

आईच्या दारातही स्पीकर नव्हता. पण आईला दिवा मालवण्याआधी सगळं सांगणारं माणूस होतं. आत्याच्या खोलीत तसं कुणी नव्हतं, म्हणून बहिरी तेवढी आत्याच ठरली. त्या दोघी एकाच सीटवर, एकाच खिडकीच्या वाऱ्यात, एकच गुरगुर ऐकत इतकी वर्षं बसल्या होत्या, आणि घरानं त्यातली एक निवडली होती.

रविवार आला. आत्या नेहमीच्या जागी बसली, मागच्या डाव्या दाराशी. या सुट्टीत मी पहिल्यांदाच बरोबर गेले होते, सगळ्यात मागे, परत करायच्या कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी. काका पुढे बाबांशेजारी. शहर संपलं, नेहमीचा उखडलेला रस्ता सुरू झाला आणि फोन वाजला. बाबांनी बटण दाबायला जरा वेळ लावला.

"काय रे, निघालात का?" मोठ्या काकांचा आवाज आला, स्वच्छ, जवळचा, चारही दारांतून. आत्या दचकून दारापासून दूर सरकली. त्यांच्यामागे कुठेतरी पंखा फिरत होता, तोसुद्धा ऐकू येत होता.

"निघालो, दादा," बाबा म्हणाले.

"सगळे आहेत? चिमे, आहेस ना गं मागे?"

चिमणी हे आत्याचं लहानपणचं नाव. ते मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"आहे, आहे, दादा, सगळे आहेत," काका घाईनं म्हणाले. "तर मी काय म्हणत होतो, त्या कुरिअरवाल्याचं..."

"थांब," आत्या म्हणाली. "त्यानं मला विचारलंय."

ती पुढे वाकली.

"दादा, मी आहे. हे तू आज विचारलंस, की नेहमी विचारतोस?"

"अगं, दर रविवारी विचारतो. तू कधी बोलतेस का? मला वाटलं, तू कशावरून तरी रागावली आहेस. म्हटलं, राग जाईल तेव्हा बोलेल."

"आणि खोलीचं विचारलं होतंस?"

"विचारलं की. दोनदा विचारलं. चिमे, तुझं टेबल हलवायचं म्हणतायत, कोठीत उजेड नाही, तुला चालेल का, असं स्पष्ट विचारलं. हे म्हणाले, ताई मान डोलावतेय."

आत्यानं पुढच्या सीटांकडे बघितलं. बाबांचे डोळे क्षणभर आरशात आले आणि गेले.

"आरशात दिसलं होतं, ताई," काका म्हणाले. "तू खरंच मान हलवत होतीस."

"हा रस्ता बघ," आत्या म्हणाली. "आत्ता तुझी हलतेय. माझी हलतेय. मागे त्या गठ्ठ्यांचीही हलत असेल."

"अगं पण मागे स्पीकरच नव्हते," बाबा म्हणाले. "ते आम्हाला कसं कळणार होतं? शोरूमवाल्यानं..."

"शोरूमवाल्याला मी राखी बांधत नाही." आत्याचा आवाज चढला नव्हता, पण त्यात आता हुंकार कुठे उरला नव्हता. "मागे स्पीकर नव्हते. तू तर होतास. माझ्यापुढे हातभर अंतरावर. मागे वळून 'ताई, दादा विचारतोय' एवढं म्हणायला गाडीत कुठलं सामान बसवावं लागणार होतं? प्रश्न तुम्ही दोघांनी ऐकला. उत्तर तुम्ही दिलंत. आणि वर मला घरभर बहिरी ठरवलंत. मी कुकरला कान लावून बसले होते रे, खरंच काही ऐकू येतं का बघायला."

बाबांनी गाडीचा वेग कमी केला. आईनं खिडकीची काच वर घेतली. काका समोरचा कप्पा उगाच उघडून बंद करत होते.

"चिमे," मोठे काका म्हणाले, "मला हे माहीत नव्हतं."

"तुलाही सोडत नाही मी. मी दर रविवारी गप्प बसते असं तुला दिसत होतं, तर एक फोन करायचास. वेगळा. माझ्या एकटीशी."

पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग ते म्हणाले, "करायला हवा होता."

"हो."

"आता खोलीचं तुझं काय म्हणणं आहे ते सांग."

"माझं म्हणणं नाही असं आहे. ती माझी कामाची जागा आहे. घर चौघांचं आहे, आणि त्या चौघांत मी आहे. खोली द्यायची नाही."

"ऐकलं," मोठे काका म्हणाले. "तुम्ही दोघांनी ऐकलं का रे पुढे?"

"ऐकलं," बाबा म्हणाले.

"तू?"

काकांनी मान हलवली. आत्या म्हणाली, "तोंडानं सांग."

"ऐकलं, ताई."

दुसऱ्या दिवशी टेबल परत आलं. हमाल आणले नव्हते. बाबा आणि काकांनी ते अंगणातून उचलून आणलं, कोठीच्या दारात एकदा अडकलं तेव्हा काकांचं बोट चेमटलं, आणि आत्या मध्ये पडली नाही. पायांना स्क्रू लावून झाल्यावर तिनं टेबलाची झिजलेली कड हातानं चाचपली, टेबल वीतभर उजवीकडे सरकवायला लावलं आणि ती कामाला बसली. निळ्या पडद्याचं अजून बरंच उसवायचं राहिलं होतं.

घरात माफी कुणी मागितली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. आमच्याकडे ओरडून बोलायचं बंद करतात आणि ती माफी समजायची असते. मला ती पुरेशी वाटत नव्हती, आणि आत्यालाही वाटत नसावी.

दोन दिवसांनी कुरिअरवाला मापाची टेप घेऊन आला. मी आत्यापाशी बसून काज्यांचे धागे कापत होते. बाहेरच्या पायरीवर बाबांचा आवाज आला, "या, या, जरा बोलायचं होतं," आणि आत्यानं मशीनच्या पायट्यावरचा पाय उचलला. खोली एकदम शांत झाली. ती सुईकडे बघत होती, पण कान दाराकडे होते.

"एक अडचण आलीय," बाबा म्हणत होते. "खोलीचं सध्या जरा लांबणीवर टाकू या."

"लांबणीवर म्हणजे? मी बोर्ड रंगवायला टाकलाय, साहेब."

"म्हणजे, घरात जरा दुरुस्ती..."

"दुरुस्ती कसली?" आतून आत्या म्हणाली. तिनं आवाज मुळीच चढवला नव्हता. चढवायची गरजही नव्हती, दार उघडंच होतं. "खरं ते सांग."

 बाहेर बाबांनी घसा साफ केला.

"खोली द्यायची नाही. माझी बहीण तिथे काम करते."

"पण तुमच्या धाकट्या भावानं सांगितलं होतं, बहिणीची काही हरकत नाही म्हणून."

"ते आम्ही म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "तिला विचारलं नव्हतं."

कुरिअरवाला बराच बोलला. बोर्डाचं बोलला, शब्दाचं बोलला, बाबांच्या वयाचा मान ठेवून आणखी काय काय बोलला. बाबांनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. आत्यानंही घेतलं, तो जाईपर्यंत तिनं पाय पायट्यावर ठेवला नाही.

मग तिनं पडदा पुढे ओढला, टाचण्या ओठांत घेतल्या आणि दुमड घालायला लागली. बाबा आत आले. खिडकीतलं ऊन त्यांच्या चपलांपर्यंत आलं होतं. ते उंबऱ्यातच थांबले.

"ताई, ठीक बोललो ना?"

मान हलवून भागलं असतं. आत्यानं हातातली दुमड सोडली. एकेक टाचणी ओठांतून काढून उशीत टोचली, सावकाश, सगळ्या, आणि तोवर बाबांना तिथेच उभं राहू दिलं. मग म्हणाली, "हो. आधीच बोलायला हवं होतंस."